कापडावर मृग नक्षत्र: रंग आणि टाक्यांतून रात्रीचं आकाश

माझं पहिलं आकाश मी पांढऱ्या कॅम्ब्रिकवर केलं. निळ्यावर काळा, काळ्यावर पुन्हा निळा असे रंगाचे तीन जाड हात दिले आणि वाळल्यावर सुई हातात घेतली. कापडाचं एव्हाना रेक्झिन झालं होतं. सुई आत जाताना करकरायची, प्रत्येक भोकाभोवती खालचं पांढरं कापड डोकवायचं आणि चुकलेला टाका उसवला की भोक तसंच राहायचं. तरी नेटाने पूर्ण केलं. भिंतीवर लावल्यावर आकाशदर्शनाचा छंद असलेले आमचे एक शेजारी काका बराच वेळ बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सुरेख आहे. पण काक्षी उजवीकडे कशी?" काक्षी म्हणजे मृगातला तांबूस तारा, ती डावीकडे हवी. सगळं नक्षत्र आरशात पाहिल्यासारखं उलटं भरलं गेलं होतं.

त्यानंतर बरीच आकाशं केली. या दोन्ही चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळी पद्धत सविस्तर लिहिते आहे. भरतकाम येत नसलं तरी चालेल. धावदोरा आणि गाठीचा टाका एवढ्यावर हे काम होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या. अंधार कापडाचा, धूसरपणा रंगाचा आणि प्रकाश सुईचा. ज्याचं काम त्याच्याकडे ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत. पांढऱ्या कापडावर रंगाने अंधार करायला गेले, तिथेच माझं बिनसलं होतं.

पहिल्या कामासाठी मृग नक्षत्र घ्या. ते ओळखायला सोपं आहे, ठळक तारे मोजकेच आहेत आणि त्यात रंगांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. आपण आकाशातला १ अंश म्हणजे कापडावर १ सेंटीमीटर असं प्रमाण धरू. या मापात अख्खा मृग १० इंची रिंगमध्ये बसतो.

## १. आधी आकाश बघून या

ही पायरी गाळू नका. फोटोवरून केलेलं आकाश आणि पाहून केलेलं आकाश यांत फरक पडतो, कारण फोटोत हजारो तारे असतात आणि आपल्याला नेमकं काय ठेवायचं ते समजत नाही.

पुण्यातून मृग बघायला नोव्हेंबरअखेर ते मार्च हा काळ चांगला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास तो दक्षिणेकडे बराच उंच, क्षितिजापासून जवळजवळ ७० अंशांवर असतो. गच्चीवरूनही मुख्य सात तारे दिसतात. चार कोपऱ्यांवर हरणाचे चार पाय आणि मध्ये ओळीने तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण. दक्षिणेकडे तोंड करून बघितलं की वर डावीकडे तांबूस काक्षी आणि खाली उजवीकडे निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेषा डावीकडे खाली वाढवली की व्याध, उजवीकडे वर वाढवली की रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका.

जमलं तर अमावास्येच्या आसपासची एखादी रात्र वेल्ह्याच्या बाजूला काढा. तिथून ईशान्येकडे पुण्याच्या उजेडाचा पिवळट पट्टा दिसतो, पण माथ्यावरचं आकाश गच्चीवरच्या आकाशापेक्षा कितीतरी काळं असतं. रात्रीचा रंग काळा नसतो, हे मला तिथे कळलं. नजर सरावली की त्यात निळा, जांभळा आणि करडा वेगवेगळे दिसू लागतात.

एकट्याने तारे ओळखता येत नसतील तर पुण्यात टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवण्याचं काम ही संस्था करते आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन या, म्हणजे भरताना हात अडखळणार नाही.

जाताना छोटी वही न्या आणि तीनच गोष्टी टिपा: कोणता तारा सगळ्यांत ठळक, कोणाचा रंग कसा, आणि आकाशाचा कोणता भाग धुरकट. तारीख आणि वेळही लिहा, ती शेवटी लागणार आहे.

## २. साहित्य

कापड: गडद निळं म्हणजे नेव्ही ब्लू सुती केसमेंट, अर्धा मीटर. केसमेंट अंगाने भक्कम असतं, रंग धरतं आणि सुईलाही अडवत नाही. पॉपलीन चालेल, सिंथेटिक मिश्रण नको. घरात जुनी काळी सुती चंद्रकळा विरत पडली असेल तर तिचा धड तुकडा मिळतोय का बघा. संक्रांतीच्या काळ्या कापडावर चांदण्या खुलतात हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे.

अस्तर: जुन्या मऊ सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा.

धागा: सहा पदरी सुती भरतकामाचा धागा. निळसर पांढरा, मोतिया पांढरा, फिका नारिंगी, करडा आणि फिका जांभळा अशा पाच लड्या, शिवाय धावदोऱ्यासाठी कापडाच्याच रंगाचा निळा. एक लडी साधारण ८ मीटरची असते, त्यामुळे प्रत्येकी एक पुरून उरते.

रंग: फॅब्रिक कलर. पांढरा, अल्ट्रामरीन निळा, जांभळा आणि काळा. फॅब्रिक मीडियमची एक बाटली.

बाकी: १० इंची लाकडी रिंग, भरतकामाच्या सुयांचं मिश्र पाकीट (आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक), स्पंजचे तुकडे, जुना टूथब्रश, पांढरी खडूची पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, लहान टोकदार कात्री.

धागे, सुया, रिंगा तुळशीबागेत मिळतात. कापड लक्ष्मी रस्त्याला किंवा रविवार पेठेत बघा. रंग आणि कागद अप्पा बळवंत चौकात. धागे घ्यायला दिवसा जा आणि लडी दुकानाच्या दाराशी आणून उन्हात बघा. पिवळ्या दिव्याखाली निळसर पांढरा आणि मोतिया पांढरा सारखेच दिसतात. मी एकदा घरी येऊन पाहिलं तर दोन्ही लड्या मोतियाच निघाल्या.

जरीचा धागा आणि टिकल्या पहिल्या कामात आणू नका. मला त्या आवडत नाहीत असं नाही, पण जरीचा धागा उजेडाप्रमाणे चमकतो आणि विझतो. दिवा बाजूला गेला की तुमचा सगळ्यांत ठळक तारा दिसेनासा होतो. सुती गाठ कुठूनही पाहिली तरी तेवढीच दिसते.

## ३. नकाशा: इथेच नक्षत्र उलटं होतं

स्टेलॅरियम नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ठिकाण पुणे टाका, वहीतली तारीख आणि वेळ टाका. बाणाचा मधला तारा मध्यभागी आणा, नावं आणि रेषा बंद करा आणि चित्र छापून घ्या. छापताना काक्षी ते राजन्य हे अंतर साडेअठरा सेंटीमीटर येईल इतकं मोठं करा. बरोबर आलंय का ते बाणावरून तपासा. बाणाच्या टोकांच्या दोन ताऱ्यांमध्ये साधारण २.७ सेंटीमीटर अंतर असायला हवं.

आता तीन सापळे.

पहिला दिशांचा. जमिनीच्या नकाशात उत्तर वर धरली की पूर्व उजवीकडे येते. आकाशाच्या नकाशात ती डावीकडे असते, कारण तो डोक्यावर धरून बघायचा असतो. पुष्कळ जण ही छपाईची चूक समजून चित्र उलटं करतात. करू नका.

दुसरा ट्रेसिंग पेपरचा. तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून पालथा पडला तरी कळत नाही. माझं पहिलं नक्षत्र असंच उलटं झालं. उपाय सोपा आहे: कागदाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत "वर" आणि "पूर्व" लिहा. अक्षरं सरळ वाचता आली म्हणजे कागद सरळ.

तिसरा क्षितिजाचा. मृगाच्या खाली सिंहगडाची बाह्यरेषा काढायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण आपल्या मापात उभ्या मृगाखाली क्षितिज ७० सेंटीमीटरवर येईल. डोंगर हवाच असेल तर मृग पूर्वेला उगवतानाचा घ्या. तेव्हा तो आडवा असतो, बाणाचे तीन तारे जवळजवळ उभ्या रेषेत असतात, आणि खाली डोंगर नैर्ऋत्येचा सिंहगड नसून पूर्वेकडचा हवा.

छापील चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक तारा टिंबाने उतरवा. मग कागद घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून जाड सुईने प्रत्येक टिंबाला भोक पाडा. कार्बनची गरज नाही, आपल्याला फक्त टिंबं हवी आहेत.

## ४. कापड धुवा

नव्या कापडाला खळ असते आणि तिच्यावर रंग नीट बसत नाही. कोमट पाण्यात साबणाने धुवा, गडद कापडाचा रंग जातोय का तेही तेव्हाच कळेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. सावलीत वाळवून इस्त्री करा आणि ४० बाय ४० सेंटीमीटरचा तुकडा कापा. कडा सुटू नयेत म्हणून चारही बाजूंनी धावदोरा घाला.

## ५. रंग: जितका कमी तितका बरा

तुकडा प्लास्टिकच्या कागदावर पसरून चिकटपट्टीने ताणून बसवा. कापड आधीच गडद आहे, त्यामुळे नुसता निळा दिला तर दिसणारच नाही. प्रत्येक रंगात थोडा पांढरा घालावा लागतो. निळा आणि पांढरा, जांभळा आणि पांढरा अशी दोन फिकी मिश्रणं करा, त्यात मीडियम घालून पातळ करा.

स्पंज रंगात बुडवा आणि मग वर्तमानपत्रावर इतका टिपा की जवळजवळ कोरडा वाटेल. कापडावर हलकेच थोपटत जा, घासू नका. पहिल्या हाताला "काहीच झालं नाही" असं वाटलं म्हणजे बरोबर चाललंय. वाळू द्या, मग दुसरा हात. दोनच्या वर जाऊ नका. मध्येमध्ये कापडाचा कोपरा दोन बोटांत चुरून बघा. तो कागदासारखा कडक लागला तर रंग जास्त झालाय.

धूसरपणा कुठे द्यायचा? आकाशगंगा मृगाच्या डावीकडून, म्हणजे मृग आणि मिथुन यांच्या मधून जाते. म्हणून डावीकडचा पट्टा थोडा उजळ करा, वरून खाली किंचित तिरका. हिवाळ्यातली ही आकाशगंगा फिकीच असते. वृश्चिक आणि धनु राशीतली झळाळती आकाशगंगा उन्हाळ्यातली, तिचा थाट इथे आणू नका. उजवीकडचा भाग जवळजवळ कोरा राहू द्या. बाणाच्या खाली, जिथे तेजोमेघ (वायू आणि धुळीचा उजळ ढग) आहे, तिथे करंगळीच्या नखाएवढा करडा-जांभळा ठिपका थोपटा. फोटोत तो गुलाबी दिसतो, पण डोळ्यांना तो राखेसारखा फिका दिसतो आणि मी डोळ्यांच्या बाजूची आहे.

शेवटी दूरचे तारे. पांढऱ्या रंगात पाणी घालून दुधाइतका पातळ करा, टूथब्रश त्यात टेकवा आणि अंगठ्याने दाते मागे ओढा. आधी रद्दीवर दोन-तीनदा करा, पहिल्या फटक्यात मोठे थेंब पडतात. शिंतोडे डावीकडच्या पट्ट्यात जास्त, बाकी ठिकाणी तुरळक. कुठलाही शिंतोडा तुमच्या सगळ्यांत लहान गाठीपेक्षा मोठा नको. पडलाच मोठा तर ओला असतानाच ओल्या कापसाने टिपा.

पुण्याच्या हवेचा इथे संबंध येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी रंग इतका चटकन वाळतो की थोपटलेल्या जागांच्या कडा उमटतात. तेव्हा सकाळी लवकर बसा. पावसाळ्यात उलट, वरून कोरडा वाटला तरी आत ओल राहते, म्हणून पूर्ण दोन दिवस हात लावू नका. नीट वाळल्यावर उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून इस्त्री फिरवा, म्हणजे रंग पक्का होतो. किती वेळ फिरवायची ते बाटलीवर लिहिलेलं असतं, कंपनीप्रमाणे ते बदलतं.

## ६. तारे उतरवणं

भोकं पाडलेला कागद कापडावर ठेवा. "वर" आणि "पूर्व" वाचून बघा. पुन्हा एकदा वाचा. मग प्रत्येक भोकातून खडूच्या पेन्सिलीने टिंब करा. कागद उचलण्याआधी एक कोपरा वर करून टिंब उमटलंय का ते बघून घ्या.

मग अस्तर मागे लावून चारही कडांना टाचून घ्या आणि दोन्ही थर एकत्र रिंगमध्ये ताणा. रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर रंगलेल्या कापडावर वळ उठत नाही. काम थांबवताना रिंग रोज काढून ठेवा.

## ७. टाके

रंगलेल्या कापडात पडलेलं भोक पूर्ण बुजत नाही, म्हणून इथे उसवण्याला जागा नाही. आधी त्याच कापडाच्या उरलेल्या पट्टीवर वीस गाठी मारा. वीस म्हणजे वीसच. दहाव्यापर्यंत गाठी वेड्यावाकड्या येतात, पंधरानंतर हात बसतो.

गाठीचा टाका असा: सुई खालून टिंबावर वर काढा. डाव्या हाताने धागा ताणून धरा, सुईला दोन वेढे द्या, आणि सुई आधीच्या भोकाच्या अगदी शेजारी खाली घाला. त्याच भोकात घातली तर गाठ कापडाच्या आरपार निघून जाते. सुई पूर्ण खाली जाईपर्यंत डावा हात सोडू नका. आत्याने मला हे शिकवलं तेव्हा ती माझं डावं मनगट धरून बसायची, कारण गाठ बिघडते ती डाव्या हातानेच.

तेज पदरांवरून ठरवा:

- राजन्य: चार पदर, दोन वेढे, निळसर पांढरा.
- काक्षी: चार पदर, दोन वेढे, फिका नारिंगी.
- वर उजवीकडचा पाय, खाली डावीकडचा पाय आणि बाणाचे तिन्ही तारे: दोन पदर, दोन वेढे, निळसर पांढरा.
- हरणाच्या शीर्षातले तीन फिके तारे, वरच्या दोन्ही पायांच्या मध्ये थोडे वर: एक पदर, दोन वेढे, मोतिया.
- बाणाखालचे अंधुक तारे: एक पदर, एक वेढा, करडा.

खऱ्या आकाशातला फरक याहून फार मोठा असतो. ताऱ्यांचं तेज 'प्रत' या मापात मोजतात; पाच प्रतींच्या अंतरात तेज शंभर पटींनी बदलतं आणि ते धाग्यात आणता येत नाही. डोळ्यांना क्रम कळला म्हणजे झालं. तारा मोठा दिसावा म्हणून सहा पदर घेऊ नका. एवढ्या धाग्यासाठी मोठ्या नेढ्याची सुई लागते आणि भोक गाठीच्या बाहेर दिसतं.

काक्षीचा नारिंगी गडद घेऊ नका, आकाशात ती निखाऱ्यासारखी नसते. इथे थोडं थांबून सांगते. काक्षीचं तेज बदलतं. २०१९ च्या अखेरीस ती मंद व्हायला लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारच्या पायाच्या ताऱ्याइतकी फिकी झाली, मग पुन्हा उजळली. त्या हिवाळ्याचं आकाश भरायचं असेल तर काक्षीलाही दोनच पदर द्या. माझ्याकडे असं एक कापड आहे आणि मला ते बाकीच्यांपेक्षा जास्त प्रिय आहे.

तेजोमेघासाठी एका पदराने फिक्या जांभळ्याचे आणि करड्याचे तीळभर टाके, दिशा न ठरवता, विखरून. मध्ये दाट, कडेला विरळ. पंचवीस-तीस पुरेत.

ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा काढाव्यात का? आकाशात त्या नाहीत, म्हणून मी काढत नाही. पण मुलांच्या खोलीत लावायचं असेल तर करड्या एका पदराचा धावदोरा घाला आणि ताऱ्याच्या तीन मिलिमीटर आधीच थांबवा.

धावदोऱ्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. गोधडीला घालतो तसे निळ्या धाग्याचे लांबट टाके, बोटभर अंतराने, आकाशगंगेच्या तिरक्या दिशेने कापडभर घाला. अस्तर आणि कापड एकजीव होतं, पृष्ठभागाला हलक्या सुरकुत्या पडतात आणि सपाट रंगाला खोली येते. धागा कापडाच्याच रंगाचा घ्या, तो दिसायला नको, फक्त जाणवायला हवा. हे टाके गाठींच्या आधी घाला. नंतर घातले तर प्रत्येक गाठीला सुई अडते.

## ८. मागची बाजू आणि चौकट

एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर मागून धागा ओढत नेऊ नका. बाणाच्या तीन ताऱ्यांपुरतं चालेल, पण काक्षीवरून राजन्यापर्यंत नेलेला धागा कापडाला घडी पाडतो. प्रत्येक तारा वेगळा सुरू करा आणि मागे अस्तराच्या दोन धाग्यांत अडकवून संपवा.

खडूची टिंबं दिसत असतील तर मऊ ब्रशने झटका. इस्त्री करायची तर जाड टॉवेलवर कापड पालथं ठेवून मागूनच, नाहीतर गाठी चपट्या होतात. शक्यतो धुऊ नका.

चौकट करणाऱ्याला दोन गोष्टी सांगा: काच गाठींना टेकता कामा नये, म्हणून मध्ये पट्टी हवी, आणि कापड पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवायचं नाही. त्यापेक्षा कडा मागे दुमडून जाड दोऱ्याने समोरासमोर ओवून ताणून घ्या. मला एका ठिकाणी चिकटवून मिळालं आणि वर्षभरात पिवळे डाग पुढे आले. थेट ऊन पडेल अशा भिंतीवर लावू नका, जांभळा सगळ्यांत आधी उडतो.

मागे सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर न पुसणाऱ्या पेनने ठिकाण, तारीख, वेळ लिहा. वहीत टिपलेली तीच.

## ९. पुढचं कापड

मृग जमला की सप्तर्षी घ्या. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळनंतर उत्तरेकडे ते छान दिसतात. त्यांची लांबी साधारण २६ अंश, म्हणून १२ इंची रिंग लागेल. माझ्या भाचीच्या लग्नात मी तेच दिलं. लग्नात वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवायची पद्धत आहे, पण त्या रात्री मांडवाच्या दिव्यांत काहीच दिसलं नाही, म्हणून कापडावर दाखवली. आपल्या मापात त्या दोघांमधलं अंतर जवळजवळ दोन मिलिमीटर येतं. आधी वसिष्ठ भरा, दोन पदरांचा, मग अरुंधती, एका पदराची. सुई बारीकात बारीक घ्या आणि दोन्ही गाठी एकमेकींना टेकू देऊ नका.